अनेक कोर्सचं जेवण आणि त्याला जुळवलेल्या वाइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरापासून दूर, शेतांच्या किंवा डोंगरांच्या कुशीतल्या रेस्टॉरंटमध्ये असं जेवण पहिल्यांदाच जेवायला निघालेल्यांसाठी हे पान आहे. जे प्रश्न लोक संकोचून विचारत नाहीत तेही यात घेतले आहेत. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच आग्रह आहे: शेवटचा पदार्थ समोर येईल तेव्हा तुमची जीभ आणि डोकं दोन्ही ताजं असलं पाहिजे.

या जेवणात नेमकं काय मिळतं?

सहा-सात, कधी दहा-बारा छोटे पदार्थ, शेफनं ठरवलेल्या क्रमानं एकामागून एक. प्रत्येक पदार्थासोबत, किंवा दोन पदार्थांना मिळून एक, अशी खास निवडलेली वाइन थोडीशी ओतली जाते. आपण काही निवडायचं नसतं, निवड आधीच झालेली असते. सुरुवातीला एका घासात संपणारे एक-दोन पदार्थ येतात आणि शेवटी कॉफीबरोबर छोट्या मिठाया. हे मोजणीत धरत नाहीत, त्यामुळे मेन्यूवर 'सात कोर्स' असं लिहिलेलं असलं तरी ताटल्या दहाच्या वर जाऊ शकतात.

पदार्थ एकेक करून आणण्याची ही पद्धत युरोपात एकोणिसाव्या शतकात रुळली. त्याआधी श्रीमंतांच्या टेबलावर बरेच पदार्थ एकदम मांडले जायचे आणि ज्याच्या हाताशी जे येईल ते तो घ्यायचा. पदार्थ क्रमानं येऊ लागले, तेव्हा प्रत्येकासाठी वेगळ्या वाइनचा विचार करणंही सोपं झालं.

त्यासाठी इतक्या लांब का जायचं? शहरात हे मिळत नाही का?

मिळतं, आणि उत्तमही मिळतं. पण आडवाटेच्या रेस्टॉरंटला एक गोष्ट साधते: भाजी सकाळी खुडलेली असते आणि मेन्यू त्या आठवड्यात रानात काय आलं आहे यावर ठरतो. फ्रान्समधल्या ओब्राक पठारावर, लायोल गावात, शेफ मिशेल ब्रास यांनी कोवळ्या भाज्या, पानं, फुलं आणि बिया यांची 'गार्गुयू' नावाची एक ताटली घडवली. ती रोज थोडी वेगळी असते, कारण बाग रोज थोडी वेगळी असते. न्यूयॉर्कच्या उत्तरेला २००४ साली सुरू झालेलं 'ब्लू हिल ॲट स्टोन बार्न्स' तर चालत्या शेतावरच उभं आहे.

शिवाय लांब जाऊन जेवण्याची परंपरा जुनी आहे. मिशेलिन ही टायर बनवणारी कंपनी. लोकांनी गाड्या अधिक चालवाव्यात म्हणून तिनं १९०० साली प्रवाशांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली, आणि १९२६पासून तीत चांगल्या जेवणाला तारा मिळू लागला. दोन ताऱ्यांचा अर्थ 'वाट वाकडी करून जावं असं ठिकाण', तीन ताऱ्यांचा अर्थ 'खास त्यासाठीच प्रवास करावा असं ठिकाण'. १९३३ साली फ्रेंच शेफ यूजेनी ब्राझिए यांच्या दोन्ही रेस्टॉरंटना प्रत्येकी तीन तारे मिळाले. त्यातलं एक ल्योंमध्ये होतं आणि दुसरं शहराबाहेर, कोल द ला ल्युएर या डोंगरखिंडीत.

किती वेळ लागतो?

तीन ते चार तास धरून चला. दोन तासांत उरकेल का, असं विचारणाऱ्यांना मी सरळ सांगते की त्या दिवशी जाऊ नका. दोन कोर्समधली दहा-पंधरा मिनिटं म्हणजे उशीर नव्हे. तेवढ्या वेळात आधीची चव उतरते, पुढचा ग्लास योग्य तापमानाला येतो आणि स्वयंपाकघरात तुमची ताटली सजते. दिलेल्या वेळेवर पोचा. अशा ठिकाणी बहुतेक पाहुण्यांना एकाच सुमारास बसवतात, आणि एक टेबल अर्धा तास उशिरा आलं की पूर्ण स्वयंपाकघराची लय बिघडते.

इतक्या वाइन प्यायल्यावर चढणार नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात महत्त्वाचाही आहे, म्हणून नीट हिशेब करू. जेवणासोबतच्या एका नेहमीच्या ग्लासात साधारण १२५ ते १५० मिलिलिटर वाइन असते. पेअरिंगमध्ये, म्हणजे पदार्थांना जुळवलेल्या वाइनच्या मालिकेत, त्याच्या निम्मी, म्हणजे ७५ मिलिलिटरच्या आसपास ओततात. अशा सहा वाइन झाल्या की ४५० मिलिलिटर होतात. नेहमीची बाटली ७५० मिलिलिटरची, म्हणजे एकट्यानं अर्ध्या बाटलीहून जास्त वाइन घेतलेली असते. तीत सरासरी १३ टक्के अल्कोहोल धरलं, तर पोटात सुमारे ४६ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निचरा करू शकतं. थोडक्यात, चार तासांच्या जेवणानंतर तुम्ही टेबलावरून उठता तेव्हाही रक्तात अल्कोहोल असतंच, मग डोकं कितीही हलकं वाटो. कॉफी, गार पाणी किंवा मोकळी हवा यांनी हा वेग वाढत नाही.

यावरचा उपाय सोपा आहे: प्रत्येक ग्लास संपवायचा नसतो. दोन-तीन घोट पदार्थाबरोबर घ्या आणि उरलेली तशीच ठेवा. वाढणारी माणसं ग्लास उचलून नेतील, कुणी काही म्हणणार नाही. पैसे दिले आहेत म्हणून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचं ठरवलं, तर पाचव्या कोर्सनंतर चवच कळेनाशी होते, आणि शेफची खरी मेहनत बहुधा तिथून पुढे सुरू होते. दुपारी हलकं का होईना खाऊन जा. रिकाम्या पोटी घेतलेला पहिलाच बुडबुड्यांचा ग्लास पटकन डोक्यात जातो.

मग परत कसं यायचं?

वाइन घेणाऱ्यानं गाडी चालवायची नाही. यात 'थोडीच घेतली आहे' अशी पळवाट नाही. टेबल राखून ठेवतानाच परतीची सोय करा. आडगावात रात्री अकरानंतर टॅक्सी सहज मिळत नाही, कधी फोनला रेंजही नसते. अशा अनेक रेस्टॉरंटना राहण्याच्या खोल्या जोडलेल्या असतात, आणि मुक्काम करणं हाच सर्वांत निर्धास्त मार्ग. तो जमत नसेल तर वाइन न घेणारा सोबती हवा, किंवा ड्रायव्हर आधी ठरवलेला हवा.

वाइनचा क्रम कसा ठरतो?

ढोबळ नियम असा: हलकी आधी, भारदस्त नंतर, कोरडी आधी, गोड नंतर, व्हाइट आधी, रेड नंतर. कारण साधं आहे. दणकट रेडनंतर नाजूक व्हाइट प्यायली तर ती पाण्यासारखी लागते, आणि गोड वाइननंतर कोरडी आली तर आंबटढाण लागते.

बुडबुड्यांची वाइन पहिली येते कारण तिचा आंबटपणा तोंडाला पाणी सोडतो आणि भूक चाळवतो. शॅम्पेनसारख्या वाइनमध्ये दुसरं आंबवणं बाटलीतच होतं आणि आतला दाब हवेच्या दाबाच्या पाच-सहा पट असतो. तळलेल्या किंवा खारट घासाबरोबर हे बुडबुडे जिभेवरचा तेलकटपणा अक्षरशः धुऊन काढतात.

तापमानही याच हिशेबात येतं. बुडबुड्यांची आणि हलकी व्हाइट ७ ते १० अंश सेल्सिअसला, भारदस्त व्हाइट १०-१३ला, हलकी रेड १३-१५ला आणि दणकट रेड १६-१८ला. म्हणून रेड थोडी गार लागली तर ती चूक नसते. आणि व्हाइट फारच थंड असेल तर ग्लास मिनिटभर तळव्यात धरा, दडलेला वास मोकळा होईल.

वाइन आणि पदार्थ 'जुळतात' म्हणजे नक्की काय होतं?

घरच्या घरी एक प्रयोग करून बघा. कोरड्या, तुरट रेड वाइनचा एक घोट घ्या आणि चव लक्षात ठेवा. मग लिंबाच्या फोडीवर चिमूटभर मीठ टाकून ती चाटा आणि लगेच त्याच वाइनचा दुसरा घोट घ्या. तीच वाइन आता मऊ, फळाळ आणि कमी तुरट लागेल. ग्लासातलं काहीही बदललेलं नाही, बदलली ती तुमची जीभ. पदार्थातलं मीठ आणि आंबटपणा वाइनला सौम्य करतात. उलट पदार्थातला गोडवा आणि मशरूम, मुरलेलं चीज, सोया सॉस यांच्यातली ती गाढ, मांसल चव वाइनला अधिक कडवट आणि आंबट करते.

जोडी लावणारा सोमेलिये, म्हणजे रेस्टॉरंटमधला वाइनचा जाणकार, हाच हिशेब मनात धरून असतो. चरबीदार पदार्थाला आंबटपणा असलेली वाइन, कारण आंबटपणा चरबी कापतो. भाजलेल्या मटणाला तुरट रेड, कारण वाइनमधली टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारी द्रव्यं, लाळेतल्या प्रथिनांना चिकटून तोंड कोरडं करतात. मांसातली प्रथिनं आणि चरबी मध्ये आली की तो कोरडेपणा निवतो. तिखटाला कमी अल्कोहोलची, किंचित गोड वाइन, कारण अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं. जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातली अर्धगोड रिसलिंग कधीकधी फक्त ८ टक्क्यांच्या आसपास असते, ती इथे फार कामाला येते.

दुसरा रस्ता प्रदेशाचा. फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या मुखाजवळची मुस्कादे ही व्हाइट वाइन तिथल्या कालवांबरोबर, सांसेर गावची वाइन शेजारच्या शाव्हिन्योल गावातल्या बकरीच्या चीजबरोबर. एकाच हवापाण्यात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी वाढलेल्या गोष्टी बरेचदा एकमेकींना सांभाळून घेतात.

पण ज्या जोड्या मनात राहतात त्या बहुधा अनपेक्षित असतात. एका जेवणात मला मंद आचेवर तासन्‌तास परतलेल्या कांद्याच्या दाट सूपबरोबर अमोन्तियादो ही कोरडी शेरी, म्हणजे स्पेनमधली स्पिरिट घातलेली वाइन, दिली होती. नुसती शेरी घेतली तेव्हा ती फार कडक वाटली. मग सूपचा चमचा, मग घोट. कांद्याच्या करपट गोडव्यातून शेरीचा अक्रोडासारखा वास एकदम वर आला आणि तिचा कडकपणा कुठे गेला ते कळलंच नाही. त्यानंतर सूप संपेपर्यंत टेबलावर कुणी दुसऱ्या विषयावर बोललं नाही. असा एखादा क्षण वाट्याला आला तरी एवढ्या लांब गेल्याचं सार्थक होतं, असं माझं ठाम मत आहे.

आधी घास की आधी घोट?

आधी छोटा घोट, मग घास, आणि घास गिळल्यावर पुन्हा घोट. दोन्ही घोटांत फरक जाणवला की जोडी का लावली ते आपोआप समजतं. फक्त पहिल्या घोटावरून वाइनला नावं ठेवू नका. ती एकटीनं प्यायला निवडलेलीच नसते.

माशाबरोबर व्हाइट, मटणाबरोबर रेड, हा नियम खरा आहे का?

अर्धा खरा. रेड वाइननंतर मासा कधीकधी उग्र, शिळा लागतो. जपानी संशोधकांनी २००९ साली दाखवलं की यामागे वाइनमधलं लोह आहे: लोह जास्त असेल तर माशासोबत तो उग्र वास तयार होतो, कमी असेल तर नाही. व्हाइटमध्ये लोह सहसा कमी असतं, म्हणून नियम बहुतेक वेळा चालतो. पण भाजलेल्या सॅमन माशासोबत थोडी गार केलेली पिनो न्वार ही हलकी रेड सुरेख लागते, आणि मटणाला एखादी जुनी, गाढ व्हाइटही पेलते. मसाला, सॉस आणि शिजवण्याची पद्धत हे मांसाच्या रंगापेक्षा जास्त महत्त्वाचं.

कोणत्या पदार्थांशी वाइनचं जमतच नाही?

आर्टिचोकमध्ये सायनारिन नावाचं द्रव्य असतं, त्यानंतर वाइन विचित्र गोड लागते. ॲस्पॅरॅगस अनेक वाइनना धातूसारखी चव आणतो. अंड्याचा पातळ बलक जिभेवर थर धरतो. व्हिनेगर जास्त पडलं की वाइन बोथट होते. अशा कोर्सला चांगला सोमेलिये कधी शेरी देतो, कधी बिअर किंवा चहा, तर कधी काहीच देत नाही. तेव्हा एखाद्या पदार्थासोबत वाइन आली नाही, तर ते विसरले असं समजू नका.

चीज आणि गोड पदार्थांसोबत काय असतं?

फ्रेंच पद्धतीत चीज गोडाच्या आधी येतं, ब्रिटिश पद्धतीत नंतर. गोडाचा नियम मात्र कडक आहे: वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट लागते. म्हणून शेवटी सोतेर्नसारखी वाइन येते. तिच्या द्राक्षांवर बोट्रायटिस ही बुरशी धरते, सालीला सूक्ष्म छिद्रं पडून पाणी उडून जातं आणि साखर, आंबटपणा, सुवास मागे दाटून राहतात. हीच सोतेर्न खारट रोकफोर चीजबरोबर दिली जाते. मीठ आणि मध एकत्र आल्यासारखी ती चव ज्यांना निळं चीज आवडत नाही त्यांनीही एकदा घेऊन बघावी. पोर्ट ही गोड वाइन आणि स्टिल्टन हे निळं चीज ही तशीच दुसरी जोडी. पोर्टमध्ये आंबवणं चालू असतानाच स्पिरिट घालून ते थांबवतात, त्यामुळे साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल १९ ते २२ टक्क्यांपर्यंत जातं. हा ग्लास सर्वांत लहान असतो तो कंजूषपणामुळे नव्हे.

मी शाकाहारी आहे. चालेल का?

जेवणाचं चालेल, मात्र टेबल राखतानाच सांगा. शाकाहारी मेन्यूला वेगळ्या वाइन लागतात. मटणासाठी निवडलेली तुरट रेड भाजलेल्या बीटरूटबरोबर तशीच ओतली तर दोघांचंही नुकसान होतं. म्हणून 'तुमच्या शाकाहारी मेन्यूची वाइन वेगळी लावता का?' हे जरूर विचारा. उत्तरावरून त्या रेस्टॉरंटची तयारी कळते.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. वाइन नितळ करण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या अवयवापासून काढलेलं आयझिंग्लास वापरतात. ते नंतर गाळून काढलं जातं, तरीही तुम्ही कटाक्षानं शाकाहारी किंवा व्हीगन असाल तर तशा वाइन मागा. विशिष्ट मातीनं नितळ केलेल्या किंवा मुळीच नितळ न केलेल्या वाइन आता सहज मिळतात.

ॲलर्जी केव्हा सांगावी?

टेबल राखताना, आणि आल्यावर पुन्हा एकदा. टेबलावर बसल्यावर पहिल्यांदा सांगितलं तर स्वयंपाकघर घाईत काहीतरी वगळून देतं, आणि वगळलेला पदार्थ अपुराच लागतो. ॲलर्जी आणि नावड यांतला फरकही स्पष्ट सांगा.

मी दारू घेत नाही. मग हे जेवण माझ्यासाठी आहे का?

नक्कीच आहे. अनेक रेस्टॉरंटमध्ये बिनअल्कोहोलची वेगळी जोडी मिळते: गार पाण्यात रात्रभर भिजवलेला चहा, कोंबुचा (आंबवलेला चहा), कच्च्या द्राक्षांचा आंबट रस, औषधी वनस्पतींचे अर्क. चहातली टॅनिन मांसाबरोबर रेड वाइनसारखंच काम करतात. फक्त आयत्या वेळी मागितली तर फळांचे गोड रस पुढे येतात आणि ते तिसऱ्या कोर्सला नकोसे होतात. म्हणून हेही आधी कळवा.

गरोदरपणात वाइन नकोच. झोपेच्या, चिंतेच्या किंवा काही अँटिबायोटिक गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. नाही म्हणताना कारण सांगायला तुम्ही बांधील नाही.

दोघांपैकी एकालाच पेअरिंग हवं असेल तर?

हरकत नाही. काही ठिकाणी एक पेअरिंग दोघांत वाटूनही देतात, आणि पहिल्या खेपेला मी हाच पर्याय सुचवते. सगळ्या जोड्यांची चव मिळते आणि अल्कोहोल निम्म्यावर येतं.

महागडं 'प्रीमियम' पेअरिंग घ्यावं का?

पहिल्यांदा जात असाल तर नको. साध्या पेअरिंगमध्ये सोमेलियेची कल्पकता जास्त दिसते, कारण तिथे नावाच्या जोरावर काम भागत नाही. जुनी, दुर्मीळ वाइन शांतपणे एकटीच प्यायची असते. सात पदार्थांच्या गर्दीत तिला न्याय मिळत नाही.

वाइन खराब वाटली तर बोलावं का?

बोलावं. ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा कुबट तळघरासारखा वास आला तर बुचातून आलेला टीसीए नावाचा दोष असण्याची शक्यता असते. सोमेलिये बाटली उघडल्यावर तपासतो, पण संध्याकाळभरात अनेक बाटल्या उघडल्या जातात. 'ही जरा बघता का?' एवढं म्हटलं तरी पुरे. वाइन निर्दोष आहे पण तुम्हाला आवडली नाही, तर तेही मोकळेपणानं सांगा. पुढच्या वाइनसाठी त्याला त्याचा उपयोग होतो.

ब्रेड, पाणी, अत्तर, फोटो?

ब्रेड अप्रतिम असतो आणि तिथेच पोट भरतं, तेव्हा एकच तुकडा घ्या. प्रत्येक वाइनमागे तितकंच पाणी प्या. अत्तर लावू नका, शेजारच्या टेबलाचाही वास त्यात हरवतो. फोटो काढायला हरकत नाही, पण फ्लॅश नको, आणि गरम ताटली थंड होईपर्यंत तर नकोच.

आवडलेली वाइन नंतर शोधायची असेल तर?

लेबलचा फोटो घ्या. त्यात उत्पादकाचं नाव, प्रदेश आणि द्राक्षांच्या हंगामाचं साल या तिन्ही गोष्टी दिसल्या पाहिजेत. नुसतं 'रिसलिंग' किंवा 'पिनो न्वार' लिहून ठेवलं तर दुकानात काही हाती लागत नाही. बरीच रेस्टॉरंट मागितल्यावर त्या रात्रीच्या वाइनची छापील यादी देतात. त्या यादीवर पदार्थाचं नावही लिहून ठेवा. घरी तीच बाटली उघडून नुसतीच प्यायलात तर ती वेगळी लागेल, कारण तिच्या चवीचा निम्मा भाग त्या ताटलीत होता.